लावून न पाहिलेला खेळ

एका बाजाराच्या गावात एक ढोलकी करणारा राहत होता. त्याचं नाव केरबा सातपुते. पण या नावाने त्याला फक्त पोस्टमन ओळखायचा, बाकी सगळा गाव केरबा मिस्त्री म्हणायचा.

मिस्त्रीच्या दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने स्वतः थाप मारून पाहिल्याशिवाय ढोलकी दुकानाबाहेर जात नसे. कुणी घाईत असलं की म्हणायचं, “राहू द्या मिस्त्री, तुमच्यावर विश्वास हाय.” मिस्त्री ढोलकी मागे ओढून घ्यायचा.

“विश्वास देवावर ठेवा. ढोलकीवर थाप मारा.”

लाकूड घ्यायचं तर तो बोटाने ठोकून घ्यायचा, चामडं घ्यायचं तर उन्हात धरून. बाजारात एका नारळासाठी तो इतके नारळ वाजवायचा, की नारळवाली त्याला लांबून बघूनच तोंड फिरवायची. अशा माणसाला फसवणं अवघड, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं.

त्याची बायको हौसा वारली तेव्हा मुलगी सारिका कॉलेजात शिकत होती. मिस्त्रीने तिला त्याच वर्षी एक कॉम्प्युटर घेऊन दिला होता. सारिका त्यावर शिकली, पुण्याला नोकरीला लागली, आणि एक दिवस नोकरी सोडून कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करायला लागली. मोठ्या कंपनीचे, गोळीबाराचे खेळ नव्हेत. एकटीने बसून, चित्रं स्वतःच्या हाताने काढून केलेले लहान लहान खेळ. ऐकून मिस्त्रीचं डोकं फिरलं.

“खेळ करून कुणाचं पोट भरलंय?” तो फोनवर म्हणाला. जन्मभर ढोलक्या केलेल्या माणसाने हे विचारावं, याला काय म्हणायचं! सारिकाने उलट उत्तर दिलं नाही. नुसते फोन कमी झाले. आठवड्याचा फोन महिन्यावर गेला, महिन्याचा सणावर.

याच सुमारास मिस्त्रीची नजर जायला लागली. आधी कडेचं दिसेना. दारात उभा असलेला माणूस बोलला की तो दचकायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, फार उशिरा आलात. गेलेली नजर परत येत नाही, आणि राहिलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. मिस्त्रीने हे सारिकाला कळवलं नाही. रागावलेली पोर दयेने परत यावी, हे त्याला नको होतं.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी टपालाने एक पाकीट आलं. आत एक पेनड्राइव्ह होता आणि एक चिठ्ठी. मिस्त्रीने ती दारात उजेडाला धरून, डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

“आप्पा, हा मी केलेला खेळ. लहानसा आहे. आपल्या घराचा आहे. आई उंबऱ्यावर बसली आहे. आपल्या कॉम्प्युटरवर चालेल. तुम्ही बघा, मग आपण बोलू.”

मिस्त्री चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. हौसाचा एकही धड फोटो घरात नव्हता. जे चार-पाच होते ते सारिकाने मोबाइलने काढलेले आणि त्या कॉम्प्युटरमध्ये ठेवलेले. सगळ्यांत ती हलली होती, कारण हौसा फोटोसाठी कधी हातातलं काम थांबवायची नाही. आता पोरीने तिला उंबऱ्यावर बसवलं होतं. ते बघायचं आणि पोरीला फोन करून म्हणायचं, ‘माझं चुकलं.’ नजर आहे तोवर एवढं एकच काम करायचं उरलं, असं त्याने मनाशी ठरवलं.

पण पेनड्राइव्ह लावायचा कसा ते त्याला माहीत नव्हतं. म्हणून त्याने कॉम्प्युटरचा डबा पोत्यात गुंडाळला आणि तो मगदूम सरांकडे गेला.

मगदूम सर म्हणजे गावातलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. एके काळी त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. क्लास दोन वर्षांत बंद पडला, ‘सर’ तेवढं चिकटून राहिलं. त्यांची ख्याती अशी, की ते मशीन चालू न करता सांगायचे. लांबून डब्याकडे बघायचे, वर चिकटवलेला कागद वाचायचे, आणि ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ म्हणायचे. लावून बघणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. लावून काय कुणीही बघेल, मग सर कशाला? गावालाही हे पटलेलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण ती सरांची जीभ होती, त्यामुळे तिला ज्ञान म्हणत.

दुकानात त्या दिवशी चार-पाच माणसं बसलेली होती. मिस्त्रीने पोतं सोडलं आणि चिठ्ठी पुढे केली.

“लेकीनं खेळ धाडलाय सर. ह्याच्यावर चालंल का बघा की.”

सरांनी चिठ्ठी वाचली नाही. डब्याकडे बघितलं, त्यावरची धूळ बघितली.

“मिस्त्री, गेम म्हटलं की ग्राफिक्स कार्ड लागतं. हा डबा किती वर्षांचा?”

“आठ-नऊ वर्सं झाली असतील.”

“मग झालं तर. बैलगाडीला इंजिन लावून चालतं का?”

बाकड्यावरची माणसं हसली. मिस्त्रीही थोडा हसला, कारण सगळे हसले.

“पर लेक म्हणती, चालंल.”

“पोरांना काय कळतंय? पुण्यात बसून सांगायला काय जातं! आणि घरी लावूनसुद्धा बघू नका. लोड आला तर आतला बोर्ड जळेल, मग आहे ते पण जाईल.”

शेवटच्या वाक्याने मिस्त्री घाबरला. आत हौसाचे फोटो होते. त्याने घाईघाईने डबा पुन्हा पोत्यात गुंडाळला. पेनड्राइव्ह कुठे हरवू नये म्हणून त्याने त्याला ढोलकीची दोरी बांधली आणि ती डब्याला गाठ मारून ठेवली.

संध्याकाळी सारिकाचा फोन आला. किती महिन्यांनी तिने आपणहून केला होता.

“आप्पा, बघितला का?”

“न्हाई गं. त्या मशीनवर चालत न्हाई म्हणं.”

“कोण म्हणालं? चालतोय आप्पा. लावून तर बघा.”

“मगदूम सर म्हणाले. सगळा गाव त्यांनला इचारतो. तुला त्यांच्यापरास ज्यास्त कळतंय व्हय?”

“बरं,” सारिका म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिला वाटलं, बघायचं नाही म्हणून आप्पा निमित्त सांगताहेत. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. खेळ तिने केला होता, घर तिचं होतं, मशीनही मूळचं तिचंच होतं. पण सांगणारी घरची होती ना!

मिस्त्रीने नवीन कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. गणपतीच्या आधी ढोलक्यांची मागणी वाढते. त्या वर्षी त्याने कधी नव्हे एवढं काम अंगावर घेतलं. ढोलकीच्या चामड्यावर जी काळी शाई असते, ती थरावर थर देऊन, दगडाने घोटून बसवावी लागते. नजरेचं काम. मिस्त्री तोंड चामड्याला टेकेल एवढं खाली वाकून ते करायचा. शेजारच्या शिवणकामवाल्या अनुसयाबाई म्हणायच्या, “अवो मिस्त्री, डोळ्याला जरा सुट्टी द्या.”

“द्यायचीच हाय,” मिस्त्री म्हणायचा. “येकदा आमच्या हौसाला बघतो, मग कायमची देतो.”

श्रावणात नव्या मशीनचे पैसे झाले. सरांनी सांगितलं, जुना डबा आणून ठेवा, त्यातले फोटो नव्यात घालून देतो. मिस्त्री डबा घेऊन गेला. गाठीला लटकणाऱ्या पेनड्राइव्हसकट.

“सर, जरा लवकर बघा,” तो हळूच म्हणाला. “नजर चाललीया. डॉक्टर म्हणतोय, दिवाळी निघतीया का न्हाई सांगता येत न्हाई. आजून तुमचं त्वांड दिसतंय मला, पर लई दिस दिसायचं न्हाई.”

“माल वरून आला की लगेच,” सर म्हणाले.

आता इथे नीट लक्ष द्या. बारा वाजून गेले होते, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सरांनी फोटो काढून घेण्यासाठी जुना डबा चालू केला. दोरीला लटकणारा पेनड्राइव्ह समोर झुलत होता. एवढं काय आहे त्यात, म्हणून त्यांनी तो लावला आणि दोनदा बटण दाबलं.

खेळ उघडला. कुठे अडला नाही, कुठे थांबला नाही. एक अंगण दिसलं, शेणाने सारवलेलं. मागे ढोलकीची बारीक थाप सुरू झाली. उंबऱ्यावर हिरव्या लुगड्यातली एक बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिने हात थांबवले, मान वर केली, आणि समोर बघून हसली. मग पुन्हा सुपात बघायला लागली.

सर पाच मिनिटं तो खेळ बघत राहिले. अंगणातून आत गेले, माजघरात डोकावले, एका ढोलकीवर थाप मारून परत आले. बैलगाडी इंजिनासकट धावत होती.

त्यांना फक्त एक फोन करायचा होता. ‘मिस्त्री, या. चालतोय. माझी चूक झाली.’ नंबर समोर लिहिलेला होता. मिस्त्रीचं दुकान तिथून दोनशे पावलांवर होतं, तो सदऱ्याला हात पुसत धावत आला असता.

तेवढ्यात दारातून कुणी तरी हातातली सीडी दाखवत विचारलं, “सर, आमच्या मशीनवर चालेल का हे?” सरांनी पटकन पडदा काळा केला. पहिल्याच दिवशी चार माणसांदेखत ‘चालणार नाही’ म्हटलेलं होतं. एकदा सरांचं चुकलं असं झालं, की उद्या प्रत्येक जण म्हणणार, ‘लावून दाखवा.’ आणि म्हातारा नवीन घेतोच आहे, त्याचं काय नुकसान? सरांनी पेनड्राइव्ह काढला, पुन्हा दोरीला होता तसा लटकवला, आणि मशीन बंद केलं. हे सगळं त्यांनी शांत डोक्याने केलं. त्यांना अडाणी म्हणून मी सोडून देणार नाही.

माल वरून आला तो दसऱ्यानंतर. नवीन मशीन चकचकीत होतं, सर स्वतः येऊन ते जोडून गेले, खेळही त्यात घालून, जुना डबा पेनड्राइव्हसकट परत देऊन गेले. मिस्त्रीने अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि पडद्यासमोर बसला. त्याला उजेड दिसला. उजेडात काही तरी हिरवट हलल्यासारखं वाटलं. त्याने मान अशी वळवली, तशी वळवली, पुढे नेली, मागे घेतली. हिरवट ते हिरवटच राहिलं. दोन दिवसांनी तेही दिसेना.

दिवाळीला सारिका न सांगता आली. दारात उभी राहिली. बाप समोर बसून चामड्यावर बोट फिरवत होता, त्याने मान वर केली नाही. तिला वाटलं, अजून राग आहे.

“आप्पा,” ती म्हणाली.

“कोण? सारे?” मिस्त्री दचकून उठला आणि भलत्याच दिशेला हात पुढे करून उभा राहिला. तेव्हा तिला सगळं कळलं. ती उंबऱ्यातच खाली बसली आणि रडली. मिस्त्रीने तिला रडू दिलं. मग चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“आगं, माझं चुकलं म्हणायचं व्हतं. खेळ बघून म्हणणार व्हतो. राहिलंच बघ.”

थोड्या वेळाने तिचं लक्ष कोपऱ्यातल्या पोत्याकडे गेलं.

“जुना असा का गुंडाळून ठेवलाय?”

“त्याच्यावर चालत न्हाई न्हवं.”

“आप्पा, मी तो त्याच्यासाठीच केलाय. तुमच्याकडं हा डबा हाय म्हणून एकेक चित्र हलकं केलं. तिकडं आसलाच जुना डबा कुणाकडनं तरी आणला, त्याच्यावर दहादा चालवून बघितला, आन मग पाठवला.”

सारिकाने डबा सोडला, तारा जोडल्या, दोरीला बांधलेला पेनड्राइव्ह लावला. ढोलकीची थाप घरात घुमली. ती मिस्त्रीचीच थाप होती, कधी काळी तिने मोबाइलवर घेतलेली. त्याने ती लगेच ओळखली.

पण सारिका पडद्याकडे बघतच राहिली.

“आप्पा, हा आधी उघडलाय कुणी तरी. पहिल्यांदा उघडला की तारीख पडती. चौदा ऑगस्ट, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटं. आत सगळीकडं फिरलाय पण.”

“श्रावणात? तवा डबा सरांच्यात व्हता,” मिस्त्री म्हणाला. मग म्हणाला, “त्या आठवड्यात मी नऊ ढोलक्यांला शाई बसवली गं. डोळ्यानं बघून.”

मग मिस्त्रीनेच विचारलं, “हौसाला कुठलं लुगडं नेसवलंस?”

“हिरवं. तांबड्या काठाचं. तांदूळ निवडत बसलीया. जो पहिल्यांदा येईल, त्याच्याकडं ती मान वर करून बघती आन हसती. एकदाच. म्हणजे तिनं तुमच्याकडं बघावं म्हणून केलं होतं.” तिने डोळे पुसले. “थांबा, मी पुन्हा पहिल्यापासनं लावती. बघंल ती.”

“ती बघंल गं,” मिस्त्री म्हणाला. “मी कुठं बघणार?”

तरी तिने लावला. हौसाने मान वर केली, हसली, आणि पुन्हा सुपात बघायला लागली. मिस्त्रीने पडद्यावर तळहात ठेवला होता. काच गरम होती.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या खांद्यावर हात ठेवून तो मगदूम सरांच्या दुकानात गेला. बाकड्यावर माणसं होतीच.

“सर, श्रावणात तुम्ही खेळ लावून बघितला व्हता न्हवं? चालला व्हता न्हवं?”

सरांनी आधी सारिकाकडे बघितलं, मग बाकड्याकडे.

“मिस्त्री, मशीनचं काही सांगता येत नाही. आज चालतं, उद्या नाही. आणि तुम्हाला नवीन मशीन दिलं ना मी? त्यात काही तक्रार आहे का?”

“मला मशीन नगं व्हतं सर. माझ्या बायकुला बघायचं व्हतं.”

बाकड्यावर कुणी हसलं नाही. कुणी सरांना काही बोललंही नाही. उद्या प्रत्येकाचं काही ना काही बिघडणार होतं.

“तुम्हाला काय बोलू? दोष माझा बी हाय,” मिस्त्री म्हणाला. “वीस रुपयाचा नारळ मी वाजवून घेतला. लेक म्हणत व्हती लावून बघा, तेवढं मातर क्येलं न्हाई.” आणि तो लेकीचा खांदा धरून पायरी उतरला.

सारिका आता गावातच राहते. मिस्त्री हाताच्या अंदाजाने ढोलक्या करतो, शाईचं काम तिला शिकवतो. दुपारी ती कधी कधी जुना डबा लावते, आणि हौसा काय करते आहे ते तो तिला विचारत बसतो. ती सांगते.

मगदूम सरांचं काय झालं, असं मुलं विचारतात. काही झालं नाही. त्या दिवशी मिस्त्री पायरी उतरल्यावर बाकड्यावरचा पुढचा माणूस उठला. त्याने पिशवीतून आपला डबा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “सर, आमच्या पोरीचा अभ्यासाचा प्रोग्रॅम चालंल का ह्याच्यावर?” सरांनी लांबूनच डब्याकडे बघितलं.

“नाही चालणार,” ते म्हणाले. त्या माणसाने मान डोलावली आणि डबा पुन्हा पिशवीत घातला.

तात्पर्य: न तपासता ‘नाही’ म्हणणारा मूर्ख असतो, पण आपलं ‘नाही’ खोटं ठरल्याचं कळूनही जो गप्प बसतो, तो दुसऱ्याचं आयुष्य चोरतो. आणि परक्याच्या शब्दाला मान देण्याआधी घरच्याचा शब्द एकदा तरी लावून पाहावा. तो पाहायची वेळ नेहमीच उरते असं नाही.